भूल कुठली घेऊ?

ऑपरेशन कुठलं करायचं ते एका बैठकीत ठरलं, पण भूल कुठली घ्यायची यावर माझ्या तीन रात्री गेल्या.

मेंदूतल्या एका धमनीला फुगा आला होता. एन्युरिझम, सहा मिलिमीटरचा. चक्कर येते म्हणून एमआरआय काढला त्यात सापडला, सुदैवाने न फुटलेला. आता एक तर कवटी उघडून फुग्याच्या मानेला क्लिप लावायची (१९३७ साली वॉल्टर डँडीने पहिल्यांदा लावली ती), नाहीतर जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची बारीक तार भरायची. माझा फुगा तारेने भरण्याजोगा निघाला. इथवर मी शहाण्यासारखी मान डोलावली.

मग भूलतज्ज्ञ बाई आल्या. "पूर्ण भूल देऊ." मी म्हटलं, जागेपणी नाही का होणार? आधीची अँजिओग्राफी जागेपणीच झाली होती. डाय सोडला की डोळ्यांमागून एक गरम लाट जायची, बाकी काही नाही. शिवाय काही ठिकाणी ही तारही नुसती गुंगी देऊन भरतात. पेशंट बोलतो, हात हलवून दाखवतो, काही बिनसलं तर तिथल्या तिथे कळतं. मला तेच हवं होतं. माझ्या डोक्यात कोणी शिरणार असेल तर मला जागं राहून पहारा द्यायचा होता!

"झोपूनच करून घे गं, बघायचंय काय त्यात?" इति आई.

बाई मात्र खुर्ची ओढून बसल्या. एक्स-रेच्या पडद्यावर धमन्यांचा नकाशा घेतात आणि त्यावर बघत नळी पुढे सरकवतात. डोकं जरासं हललं तरी नकाशा चुकतो. "दोन-तीन तास न खोकता पडून राहाल?" (मला धुळीचा खोकला आहे. पुण्यात कोणाला नाही?) आणि मध्येच फुगा फुटलाच, तर तळमळणाऱ्या माणसाच्या घशात घाईघाईने नळी घालायची आणि त्याच वेळी रक्तस्रावही थांबवायचा.

पूर्ण भुलीतही धोका आहे, हेही त्यांनीच सांगितलं. घशात नळी जाताना रक्तदाब उसळतो, आणि फुग्याला नेमकं तेच नको असतं. म्हणून आधी जोरकस वेदनाशामक देतात आणि मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ठोक्याठोक्याला दाब बघत बसतात. हे ऐकलं आणि मला बरं वाटलं. म्हणजे पहारा असणार होताच, फक्त तो माझा नसणार होता.

आपल्याकडे 'भूल' म्हणजे चूकही आणि बेशुद्धीही. त्या तीन रात्रींत हा शब्द मला फार छळून गेला. मरणाची भीती कमी होती, जागी होईन आणि शब्दच सापडणार नाहीत याची जास्त. सही करताना बाईंना म्हटलं, "उठवल्यावर मला मराठीत काहीतरी विचारा."

"पाढे येतात?"

"तेरापर्यंत. पुढचे शुद्धीतही येत नाहीत."

मग पांढरं दुधासारखं औषध, प्रोपोफॉल, शिरेत जळजळत गेलं. त्यानंतरचं मला काहीच सांगता येणार नाही, अगदी काळोखसुद्धा नाही.

"तेरा सक?"

घसा पार बसला होता. अठ्ठ्याहत्तर म्हणाले तर बाईंनी पुढचं विचारलं. तेरा नव्वे एकशे सतराला त्या म्हणाल्या, पुरे, आता झोपा.