वॉशिंग्टनच्या गिरणीचा पाया

व्हर्जिनियात माउंट व्हर्ननची हवेली पाहून पाहुणा पोटोमॅक नदीकडे उतरतो, तेव्हा त्याला सोळा बाजूंचे एक लाकडी खळे दिसते. वरच्या मजल्यावर घोडे गोल फिरत लोंब्या तुडवायचे आणि फळ्यांच्या फटींतून गहू खाली गळायचा. तिवड्याभोवतीची बैलांची पात उचलून माडीवर न्यावी, तसा हा प्रकार! आराखडा खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचा. मूळ खळे होते डोग रन मळ्यावर. हे 1996 सालचे, दुसऱ्याच जागी उभारलेले.

गव्हाचा पुढचा मुक्काम तीनेक मैलांवर. तिथली दगडी पाणचक्की मात्र जागच्या जागी आहे, निदान पायापुरती.

तंबाखूने जमिनीचा कस जातो आणि भावही मिळत नाही, म्हणून वॉशिंग्टनने 1760च्या दशकात गहू धरला. 1771मध्ये ही गिरणी उभी राहिली. तिचे पीठ वेस्ट इंडीजपर्यंत जाई. 1790 साली ऑलिव्हर इव्हान्सने धान्य आपोआप वर चढवणाऱ्या, पीठ पसरून गार करणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळवले. ते अमेरिकेचे तिसरे पेटंट. त्यावर सही राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनची. पुढच्याच वर्षी ती यंत्रणा त्याने स्वतःच्या गिरणीत बसवली. गिऱ्हाईक पारखी होते!

1850च्या सुमारास गिरणी पाडली गेली. 1932मध्ये, वॉशिंग्टनच्या जन्माच्या द्विशताब्दीला, व्हर्जिनिया राज्याने इथे खोदकाम केले. पाया सापडला, पाणचाकाचे काही भागही सापडले. त्याच पायावर नव्या भिंती चढल्या. यंत्रे दुसऱ्या एका जुन्या गिरणीतून आली. म्हणजे पाहुणे ज्या भिंतींचे फोटो काढतात, त्या वॉशिंग्टनने पाहिलेल्याच नाहीत.

शेजारची दारूभट्टी शोधणे आणखी अवघड होते. ती 1814मध्ये जळाली. उत्खननात हाती आले ते पाया, मोऱ्या आणि भाजलेली माती. स्कॉटिश कारभारी जेम्स अँडरसनच्या सांगण्यावरून 1797मध्ये सुरू झालेल्या या भट्टीने 1799 साली सुमारे 11 हजार गॅलन व्हिस्की काढली. 2007मध्ये तीही पुन्हा उभी राहिली.

1799च्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनने मळ्यांवरच्या गुलामांची यादी केली. भट्टीसमोर सहा नावे आहेत: हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स, टिमथी.