लाल ठिपका दिसेना तेव्हा

घरातली वस्तू बंद पडली की आपण आधी ती हलवून बघतो, मग हलकेच आपटून बघतो आणि मग डोळ्याजवळ नेऊन बघतो. घड्याळ असो, रेडिओ असो, सगळ्यांना न्याय एकच. जुना टॉर्च लागेनासा झाला की बटण दाबत दाबत आपण थेट काचेत डोकावायचो. आतली तार तांबूस दिसली तर सेल संपत आले, काहीच दिसलं नाही तर बल्ब गेला. इतकी वर्षं या सवयीनं कुणाचं काही बिघडलं नाही. पण आता घरोघरी एक अशी वस्तू आली आहे, की तिला हा न्याय लावला तर डोळ्यावरच बेतायचं. ती म्हणजे बोटाएवढा लेझर पॉइंटर.

मी एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. वर्गातला नकाशा उंच टांगलेला आणि माझी उंची बेताची. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी पार बंगालच्या उपसागरापर्यंत न्यायची म्हणजे हातात छडी घेऊन टाचा उंचावायच्या. म्हणून पेनासारखा एक पॉइंटर घेतला. त्याच्या लाल ठिपक्यामागून मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मुकाट्यानं नदीबरोबर चालू लागतात!

तो पॉइंटर गेल्या महिन्यात ऐन तासाला बंद पडला. पहिल्या बाकावरचा एक मुलगा मदतीला धावला. "बाई, द्या इकडे," म्हणून त्यानं पॉइंटर घेतला, बटण दाबलं आणि त्याचं तोंड सरळ डोळ्याकडे वळवलं. मी पटकन त्याचा हात धरला. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "पण बाई, बंदच आहे ना तो!"

संध्याकाळी घरी पॉइंटर टेबलावर ठेवला, तर यांनीही चष्मा कपाळावर सारून तेच केलं. "अहो, थांबा!" मी ओरडलेच. "अगं, बंद आहे ना तो?" आठवीतला मुलगा आणि सरकारी नोकरीतला माणूस, दोघांचं उत्तर एकच!

हे "बंद आहे ना" मोठं फसवं आहे. बहुतेक वेळा पॉइंटर मेलेला नसतो, आत कुठंतरी जोड सैल झालेली असते. बटण दाबताना, हलवताना ती अचानक जुळते आणि किरण पूर्ण जोरानं बाहेर येतो. नेमका तेव्हा तिथं डोळा असला तर? शिटी होत नाही म्हणून कुकरमध्ये वाफ नाही, असं समजून आपण झाकण उघडतो का? तसंच हे.

लेझरचा किरण टॉर्चसारखा पसरत नाही. डोळ्यातलं भिंग तो आतल्या पडद्यावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा करतं. त्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी दुखत नाही. कळतं ते नंतर, अक्षरांच्या मधोमध डाग दिसू लागला की. एक मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा किरण चुकून डोळ्यावर आला, तर पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. पण मुद्दाम डोळे ताणून बघणाऱ्याला पापणी तरी काय वाचवणार? शिवाय वरच्या चिठ्ठीवर लिहिलेली शक्ती खरीच असते असंही नाही. अमेरिकेतल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेनं २०१३ साली १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं. त्यातले हिरव्या किरणाचे जवळजवळ ९० टक्के आणि लाल किरणाचे सुमारे ४४ टक्के सुरक्षिततेच्या नियमात बसले नाहीत.

मग बंद पॉइंटर तपासायचा कसा? आधी जागा निवडा. समोर साधी, न चकाकणारी भिंत हवी. आरसा, काच, स्टीलचं कपाट नको, त्यावरून किरण परत फिरतो. पोरंबाळं पाठीमागे. पॉइंटरचं तोंड सतत भिंतीकडे आणि आपली नजरही भिंतीकडेच.

पहिला संशय सेलवर घ्यायचा. माझ्या पॉइंटरमध्ये बटणासारखे तीन छोटे सेल आहेत, प्रत्येकी दीड व्होल्टचे, म्हणजे एकूण साडेचार व्होल्ट. असेच सेल कॅल्क्युलेटरमध्ये वर्षानुवर्षं टिकतात, कारण त्याची भूक चिमणीची. पॉइंटर मात्र खादाड, सेल भराभर संपवतो. तिन्हीतला एक संपला तरी ठिपका मावळतो. बदलताना तिन्ही एकदम बदलावेत. जुन्यात नवा मिसळला की जुना नव्यालाही दमवतो. सेल काढण्याआधी कोणती बाजू कुठं होती ते कागदावर लिहून ठेवावं. टॉर्चमध्ये अधिक चिन्हाची बाजू सहसा बल्बकडे असते, पण कित्येक पॉइंटरमध्ये ती मागच्या टोपणाकडे असते. नवे सेल घालूनही लागत नाही याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. हे सेल घड्याळवाल्याकडे मिळतात. आमच्या घड्याळवाल्यानं मीटर लावून दाखवलं, तर माझे दोन सेल ठीक होते, तिसरा पार गेलेला.

तरी माझा ठिपका काही आला नाही! दुसरा संशय स्प्रिंगवर. टोपण उघडून पाहिलं तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी. सेल गळला की असं होतं. ही भुकटी कातडी आणि डोळे चुरचुरवते, म्हणून हातात मोजे घालावेत. कानकाडीला चार थेंब व्हिनेगर लावून पुसावं, मग कोरड्या काडीनं टिपावं आणि पूर्ण वाळू द्यावं. नुसता काळपटपणा असेल तर खोडरबरानं घासलं तरी पुरतं. स्प्रिंग दबली असेल तर चिमट्यानं किंचित वर ओढावी. तिसरा संशय बटणावर. भिंतीकडे तोंड धरून पंधरा-वीस वेळा दाबलं की आतला गंज कधी कधी सुटतो. माझा लाल ठिपका स्प्रिंग पुसल्यावरच भिंतीवर अवतरला.

एवढं करूनही ठिपका आला नाही, किंवा किरण फिकट, पसरट आला, तर आतला लेझर डायोड गेला असं समजावं. तो घरी दुरुस्त होत नाही. "एक सेल जादा घालून बघू," हा उपाय तर मुळीच नको. जास्त दाबानं डायोड कायमचा जळतो.

हिरव्या पॉइंटरची गोष्ट आणखी निराळी. त्यातल्या बऱ्याच जणांच्या आत आधी डोळ्याला न दिसणारा अवरक्त किरण तयार होतो आणि स्फटिकातून जाताना त्याचा हिरवा प्रकाश होतो. थंडीत हे काम नीट होत नाही, तेव्हा थोडा वेळ मुठीत धरून ऊब दिली तर तो लागतो. पण स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त किरण अडवणारी गाळणीच नसते. मग हिरवा फिकट दिसतो आणि अदृश्य किरण मात्र जोरात बाहेर पडत राहतो. तो दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. मुलांच्या हाती हिरवा पॉइंटर म्हणूनच नको.

आणि काढलेले जुने सेल? ते ओट्यावर, टेबलावर ठेवू नयेत. आमची धाकटी चार वर्षांची आहे, चकाकणारी गोल वस्तू तिला गोळीच वाटते. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं, आणि वापरून संपलेला सेलही निर्धोक नसतो. तशी शंका जरी आली तरी ओकारी काढण्याच्या फंदात न पडता मुलाला तडक रुग्णालयात न्यावं. मी जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ते उंच फळीवरच्या डबीत ठेवते आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांना देते.

शाळेत मी आता नियमच केला आहे. पॉइंटर टीचर्स रूमच्या कपाटात कुलपात, आणि पहिल्याच तासाला मुलांना सांगायचं की तो लागला की नाही हे भिंत सांगते, डोळ्यानं आत बघून विचारायचं नसतं. मुलं ऐकतात. मोठ्यांना मात्र दोनदा सांगावं लागतं!