वेग मीच कमी केला होता

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. अब्बा तिथे टॅली क्लार्क होते. त्यांचं एक सांगणं होतं, "काम रखडलं तर रखडलं, पण का रखडलं ते वहीत खरं लिहायचं."

मी जवळच्याच एका कंटेनर यार्डात सर्व्हर सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री गेटपास काढणारी व्हर्च्युअल मशीन जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायची होती, तीही चालू असताना. यात मशीनची मेमरी पानापानाने पलीकडे पाठवतात. पण मशीन चालूच असल्याने पाठवलेली पानं पुन्हा बदलतात, पुन्हा पाठवावी लागतात. पाठवण्यापेक्षा बदलण्याचा वेग जास्त झाला, तर हे काम संपतच नाही. त्यावर क्यूईएमयूमध्ये 'ऑटो-कन्व्हर्ज' ही सोय आहे. ती मशीनच्या प्रोसेसरलाच लगाम घालते. नेहमीच्या मांडणीत आधी २० टक्के, मग १०-१० ने वाढवत थेट ९९ पर्यंत.

ती सोय मीच चालू केली होती.

थोड्या वेळाने गेटवरून फोन आला. "भाई, पास निघतच नाहीत. गाड्यांची रांग लागलीय."

"नेटवर्क असेल," मी म्हणालो. मला तसंच वाटलं. माझ्या स्क्रीनवर किती मेमरी उरली एवढंच दिसत होतं. लगाम किती बसला, ते दिसत नव्हतं. तासाभराने शंका आली म्हणून 'व्हर्श डोमजॉबइन्फो' ही आज्ञा चालवली. थ्रॉटल, ८० टक्के. म्हणजे मशीन पाचातला एकच हिस्सा वेळ काम करत होती. मी स्थलांतर रद्द केलं. मशीन जुन्या जागीच राहिली आणि पास निघू लागले.

तोवर एका ड्रायव्हरचा कंटेनर जहाजाच्या कट-ऑफला चुकला होता. सकाळी ट्रान्सपोर्टवाला त्यालाच बोल लावत होता, उशिरा आलास म्हणून. दंड त्याच्या पगारातून जाणार होता. तो रांगेत वेळेवर उभा होता, हे सांगणारी नोंद कुठेच नव्हती.

रिपोर्टमध्ये 'नेटवर्क' लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. मी लिहिलं: 'प्रोसेसरचा वेग आमच्याकडून कमी केला गेला, गेटला कळवलं नाही.' वेळाही लिहिल्या. साहेब माझ्यावर भडकले. ड्रायव्हरचा दंड मात्र टळला.

आता तो थ्रॉटलचा आकडा माझ्या स्क्रीनवर सगळ्यात वर असतो. आणि काम सुरू करण्याआधी पहिला फोन गेटला जातो.