मिनारा मशिदीसमोर, तरावीहनंतर

मुंबईची मिनारा मशीद रमजानमध्ये पाहायची तर तरावीहनंतर जावे. मोहम्मद अली रोडवरच्या उड्डाणपुलाच्या छायेतून गल्लीत वळले की मालपुव्याच्या कढया, मातीच्या वाट्यांतली फिरनी, सीखांचा धूर आणि या सगळ्यावर दिव्यांनी उजळलेले मिनार. गर्दी इतकी की पाय उचलावा लागत नाही, लोकच पुढे नेतात.

2012 साली रमजान ऐन पावसाळ्यात आला होता. अम्मीला घेऊन आम्ही महाडहून एसटीने गेलो. अम्मी आणि खाला याच भागातल्या एका चाळीत वाढल्या. खाला लग्न होऊन कराचीला गेली, ती तिकडचीच झाली. "मशिदीसमोर माझा एक फोटो काढ, तिला पाठवू," एवढेच अम्मीचे मागणे.

मी चाळीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे झकास दिसले. त्या दोन बोटांच्या पडद्यावर कधी विश्वास ठेवू नका! घरी संगणकावर पाहतो तो मिनारांच्या जागी हिरवे फराटे आणि अम्मीला दोन चेहरे. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत चेहरा पांढराफट्ट, मागे मशीदच नाही. फ्लॅशचा उजेड चार पावलांपलीकडे जात नाही, मिनारापर्यंत कुठून जाणार? अम्मी काही बोलली नाही. तेच जास्त लागले.

दोष पावसाचा नव्हता. उजेड कमी असला की कॅमेरा आपले झापड जास्त वेळ उघडे ठेवतो. दिवसा सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो, रात्री आठवा भागही कमी पडतो. तेवढ्यात हात हलतो, बटण दाबतानाही हलतो. झूम केले तर थरथर आणखी मोठी दिसते. आणि अम्मीचे दोन चेहरे? मी कॅमेरा रात्रीच्या माणसांसाठी असलेल्या सेटिंगवर ठेवला होता. त्यात फ्लॅश चेहरा उजळतो, पण मागची रोषणाई टिपायला झापड पुढेही उघडेच राहते. फ्लॅश चमकला, फोटो झाला, असे समजून अम्मी मान वळवत होती. तिला सांगायला हवे होते ते मीच सांगितले नव्हते. वर्गात पोरांना सूचना नीट वाचा म्हणणारा मी!

पुढच्या रमजानला अम्मीचा गुडघा दुखत होता, तरी ती आली. त्या गर्दीत तिपाई उघडणे म्हणजे लोकांच्या वाटेत येणे. म्हणून एका फिरनीवाल्याला विचारून त्याच्या रिकाम्या क्रेटवर कॅमेरा टेकवला, खाली रुमालाची घडी. झूम नाही. आयएसओ 800, थोडे दाणे आले तर येऊ देत. फ्लॅश बंद, कारण अम्मीला दुकानाच्या बल्बखालीच उभे केले होते. बटण दाबून हात काढून घेता यावा म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. "अम्मी, मी 'बस' म्हणेपर्यंत हलू नकोस." ती श्वास रोखून उभी राहिली, जणू क्ष-किरण काढतायत.

सहावा फोटो साधला, अल्हमदुलिल्लाह. अम्मी आणि मिनार स्पष्ट, मधून चालणारी माणसे तेवढी धूसर.

फोटो पोहोचल्यावर खालाचा फोन आला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग तिने विचारले, "फिरनी अजून मातीच्याच वाटीत देतात?"