अंधाऱ्या दरीतली सोबत

संकटात देवाचं नाव घ्यावं, असं आपण सगळ्याजणी म्हणतो. पण नाव घेऊन नेमकं काय मिळतं? माझ्यापुरतं उत्तर मला बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्रात सापडलं.

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी हे अवघ्या सहा वचनांचं. देव मेंढपाळ आणि आपण त्याची मेंढरं, असा त्याचा सोपा अर्थ. आम्हा ख्रिस्ती घरांतल्या मुलांना ते लहानपणीच पाठ होतं.

ह्यांचा कारखाना बंद पडला आणि आठ महिने घरात पगार आला नाही. माझ्या अर्धवेळ शिकवण्याचे पैसे दुधात आणि मुलांच्या फीत संपत. वाण्याची वही भरत चालली. हे रात्ररात्र जागे असत. त्या दिवसांत स्तोत्र म्हणताना एक गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीला कवी देवाविषयी बोलतो, ‘तो’ म्हणून. अंधारी दरी आली की मात्र एकदम ‘तू’ म्हणू लागतो! आपण नवऱ्याला, सासऱ्यांना ‘अहो’ म्हणतो. ‘तू’ म्हणतो ते आईला आणि देवाला. जवळिकीचा हा शब्द कवीच्या तोंडी दरीतच आला.

आणि मेंढपाळ दरी चुकवून नेत नाही, दरीतूनच नेतो. सगळी वाट एकदम दिसत नाही. मीही रोज सकाळी एवढंच मागायची, ‘आजचं काय ते तू सुचव.’ एकदा शिकवणीला दोन मुलं घ्यायचं सुचलं. एकदा वाण्याकडे आपणहून जाऊन ‘दरमहा थोडेथोडे देईन’ असं सांगायचं सुचलं. स्तोत्रात पुढं शत्रूंच्या देखत ताट वाढल्याचं वर्णन आहे. आमच्या ताटात पिठलं-भाकरीच असायची, पण रात्रीचं पान कधी चुकलं नाही.

आमच्या घरी पंडिता रमाबाईंनी मराठीत आणलेलं बायबल आहे. दुष्काळात आई-वडील, १८८२ साली पती, १९२१ साली एकुलती लेक मनोरमा, असे घाव सोसत त्यांनी केडगावला ते काम पुरं केलं आणि १९२२ साली डोळे मिटले. दरीतून चालून गेलेल्या बाईचे हे शब्द, म्हणून मला ते अधिकच आपले वाटतात.

ह्यांना आता दुसरीकडे काम लागलंय, पगार पहिल्यापेक्षा कमी. वाण्याची थोडी बाकी अजून आहे. पण घरात झोप परत आली.

मैत्रिणींनो, तुमचा देव कुठल्याही नावाचा असो, अडचणीत त्याच्याशी ‘तू’ म्हणून बोलून पाहा. उत्तर आजच्या दिवसापुरतंच मिळेल कदाचित; पण तेवढ्यावर आजचा दिवस निघतो.