मुलाला दूर पाठविण्यापूर्वी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या चुलतभावाचा सोळा वर्षांचा मुलगा शाळेत जात नाही, खोलीबाहेरही येत नाही. समुपदेशकाने युटा राज्यातील एक उपचारात्मक निवासी शाळा सुचविली. पाठवावे का, असे भावाने मला विचारले.

माहितीपुस्तिकेतील डोंगर आणि घोडे यांवरून निर्णय घेऊ नये. अशा संस्थांतील छळाचे व मृत्यूंचे दाखले अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ सालीच तेथील संसदेपुढे मांडले होते. डिसेंबर २०२४ मध्ये संघीय कायदा झाला. पण त्याचा भर मुख्यतः अभ्यासावर आहे. देखरेख राज्याचीच. युटाने २०२१ साली वर्षातून चार तपासण्या आणि मुलाला आठवड्यातून एकदा कुटुंबीयांशी गोपनीय संभाषण बंधनकारक केले.

प्रशासकाच्या दृष्टीने दुसरी तरतूद अधिक मोलाची. तपासणीच्या दिवशी प्रत्येक संस्था नीटनेटकी असते. खरी कसोटी तक्रारीची वाट मोकळी आहे की नाही, ही. ‘सुरुवातीचे काही आठवडे फोन नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेला तेथेच नमस्कार करावा.

आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य संस्थेत दाखल अल्पवयीनासोबत नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे सामान्यतः पालक, किंवा त्याने नेमलेला परिचारक संपूर्ण काळ राहिलाच पाहिजे. निवासी शाळेला हा नियम लागू नाही. तत्त्व मात्र स्वीकारण्याजोगे आहे.

भावाला लिहिले: आधी घराजवळच्या मनोविकारतज्ज्ञाचे स्वतंत्र मत घे, परवाना व तपासणी अहवाल माग, आणि मुलालाही विचार. त्याच्याविषयीचा निर्णय त्याच्या अपरोक्ष होऊ नये.