हनुवटी आत, काकू!

साठी उलटली की बायकांना पोक यायचंच, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. आजीला होतं, आईला होतं; माझी पाठ वाकायला लागली तेव्हा घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. "ताठ बस गं," एवढाच काय तो उपचार. ताठ बसायचं, जरा वेळात पाठ भरून यायची, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एक्स-रेमध्ये पाठीचा कोन ५४ अंश निघाला. ४०-४५ पर्यंत चालतो म्हणे. शिवाय एक मणका पुढून दबून पाचरीसारखा झालेला. कुठे पडले-आपटले नव्हते, पण ठिसूळ हाडांचं असंच असतं. मणका दबतो आणि पुष्कळदा पत्ताही लागत नाही.

फिजिओथेरपिस्ट भाचीच्या वयाची. तिने मला भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून उभं केलं. डोकं काही भिंतीला लागेना. तिने त्या फटीत फूटपट्टी घालून आकडा लिहून घेतला. घरी कोणता व्यायाम करते, हे सांगताना पश्चिमोत्तानासनाचं नाव निघालं आणि तिने पेन खाली ठेवलं. "काकू, ते आजपासून बंद." पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि दबते ती नेमकी तीच कडा. मेयो क्लिनिकचा १९८४चा एक अभ्यास तिने सांगितला. हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायका. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींचे मणके नव्याने दबले, पाठ मागे उचलणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे. काहीच न करणाऱ्यांत ६७. म्हणजे वाकण्यापेक्षा सोफ्यावर लोळणं परवडलं! अभ्यास लहान खरा, पण आकडे विसरण्यासारखे नाहीत.

माझा मुख्य व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ. पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपायचं, हात अंगालगत, हनुवटी आत ओढलेली, आणि छाती सतरंजीवरून जेमतेम चार बोटं उचलायची. मान वर काढून भुजंगासनाची ऐट आणायची नाही, आणली की "हनुवटी आत, काकू!" श्वास रोखायचा नाही. सुरुवातीला दोन्ही खवाट्यांच्या मधलं मांस असं थरथरायचं, की तिथे स्नायू आहेत हे मला तेव्हाच कळलं. ताठ बसवत का नव्हतं, तेही. बाकी मग खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपरं मागे ओढणं, दाराच्या चौकटीत हात टेकवून छाती मोकळी करणं.

दबलेला मणका व्यायामाने पुन्हा फुगत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. भिंतीपाशी फट मात्र कमी भरते, आणि ओट्याशी पोळ्या लाटून झाल्यावर आडवं व्हावं लागत नाही.

योगवर्गात आता पश्चिमोत्तानासन आलं की मी सरळ पालथी पडते. सरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग एक्स-रे मागून घेतला, उजेडात धरून पाहिला, आणि माझ्या वयाच्या आणखी दोघींना हाडांची तपासणी करून यायला सांगितलं.